टॉर्क पाना वजन लटकवून तपासला, तिन्ही ठिकाणी साडेतीन कमी येतंय. पाना गेला का?

कुपवाड_डिझेल

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला माझं डिझेल इंजिनचं वर्कशॉप आहे. पंपसेट, जनरेटर सगळंच करतो, पण सीझन सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरशिवाय दारात दुसरं काही उभं राहत नाही.

तासगाव बाजूचा एक तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर आहे. दिवाळीनंतर त्याचं हेड (सिलेंडरवरचं झाकण) उतरवलं, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सील) नवं टाकलं आणि हेड बोल्ट मॅन्युअलप्रमाणे तीन टप्प्यांत 100 न्यूटन मीटरला आवळले. सतराव्या दिवशी गाडी परत दारात, रेडिएटरमध्ये बुडबुडे. उघडून बघतो तर दोन आणि तीन नंबर सिलेंडरच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळालेलं. आता हेड खाली काढून ठेवलंय, त्या माणसाची तोडणीची टोळी फडात बसून आहे आणि रोजचा खाडा त्याच्या अंगावर पडतोय. परवा तो पोरांच्या देखत म्हणाला, "तुमचा पानाच खोटा असंल." मला त्याचा राग आला नाही. तो पाना मी सहा वर्षांपूर्वी घेतला, तेव्हापासून एकदाही तपासलेला नाही. त्याला काय उत्तर देणार?

पाना अर्धा इंची, क्लिकवाला (लावलेला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, भरला की 'कट्' वाजतो), 40 ते 200 न्यूटन मीटरचा. काल संध्याकाळी तो असा तपासला: वाइसमध्ये एक मोठा बोल्ट आडवा घट्ट धरला, त्यावर सॉकेट घालून पाना आडवा लावला. मुठीच्या मधोमध खडूनं खूण केली. सॉकेटच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत बरोबर 45 सेंटिमीटर. खुणेवर दोरी, दोरीला बादली. मार्केट यार्डात ओळखीची हळदीची अडत आहे, तिथून शिक्क्याची वजनं आणली होती, ती बादलीत ठेवली आणि शेवटी शेवटी ओंजळीनं बारीक वाळू सोडत गेलो. 'कट्' वाजलं की थांबायचं आणि बादलीसकट सगळं काट्यावर ठेवायचं.

40 ला लावून पाच वेळा केलं: 8.20, 8.30, 8.25, 8.30, 8.30 किलो. सरासरी 8.27. याला 9.81 नं आणि 0.45 नं गुणलं की 36.5 न्यूटन मीटर होतात.
100 ला लावून सरासरी 21.86 किलो, म्हणजे 96.5.
160 ला लावून 35.5 किलो, म्हणजे 156.7.

तिन्ही ठिकाणी कमीच. 40 ला तर पावणेनऊ टक्के कमी. मग हा पाना टाकून द्यायचा, दुरुस्त होतो, की माझी पद्धतच चुकली? गॅस्केट यामुळंच गेलं असेल का?

आणखी एक. एका कंपनीचं पंपसेट जोडणीचं काम मिळतंय. त्यांनी ऑडिटसाठी टॉर्क पान्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलंय. ते कुठं आणि कसं करून घेतात, कागदावर काय काय बघून घ्यायचं, हेही कुणीतरी सांगा.

बुलेट_कराड

दादा, माझ्याकडं ऑनलाइन मागवलेला असाच पाना आहे. तुमचे आकडे वाचून धसकाच घेतला. मी बुलेटच्या हेडला तोच लावतो. सहा वर्षांत स्प्रिंग ढिली झाली असेल, दुसरं काय? मागं एक एंड कॅप असते, तिच्या आत अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळून बघा.

टूलरूम_मिरज

स्क्रूला हात लावू नका. आधी माझं वाचा.

कुपवाडवाले, तुम्ही आकडे व्यवस्थित लिहिलेत म्हणून तुमच्या पान्याबद्दल इथं बसून बोलता येतंय. मी टूलरूम आणि गेज विभागात एकतीस वर्षं काढली. आकडे टिपून न ठेवता "पाना चुकतोय" म्हणणारेच जास्त भेटले.

तुम्ही टक्के बघितलेत, मी वजाबाकी बघितली. 40 ला साडेतीन कमी. 100 ला साडेतीन कमी. 160 ला तीन पूर्णांक तीन कमी. स्प्रिंगचा कडकपणाच कमी झाला असता तर तूट टॉर्कबरोबर बदलत गेली असती, ओळीनं तीन ठिकाणी एकच आकडा आला नसता. जी तूट खाली-वर कुठंही तेवढीच राहते, ती बहुतेक वेळा मोजायच्या राहून गेलेल्या कशाची तरी असते. तुम्ही बादली मोजली, वजनं मोजली, वाळू मोजली. पाना मोजला का?

पाना आडवा धरलाय, म्हणजे त्याचं स्वतःचं वजनही त्याच दिशेला टॉर्क देतंय. अर्धा इंची पाना साधारण दीड किलोचा असतो आणि त्याचा तोल ड्राइव्हपासून (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकापासून) वीस-बावीस सेंटिमीटरवर येतो. बादली बांधण्याआधीच त्या बोल्टवर तीन न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क बसलेला होता. तो धरला नाही, म्हणून पाना लवकर वाजल्यासारखा दिसला. 40 ला तीन म्हणजे फार, 160 ला किरकोळ.

हा भार काढायची सोपी रीत सांगतो. तिकोनी कानस टेबलावर धार वर करून ठेवा आणि पान्याचा चौकोनी ड्राइव्ह बरोबर त्याच्या मध्यावर टेकवा. दुसऱ्या टोकाची खडूची खूण डिजिटल काट्यावर टेकवा, खाली एखादी बारीक पट्टी घ्या म्हणजे खुणेवरच टेकेल. पाना आडवा हवा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे तुमच्या प्रत्येक वजनात मिळवायचे. तोल कुठं आहे ते शोधायची गरजच उरत नाही.

आता बाकीच्या बारीक गोष्टी.

9.81 ऐवजी 9.78 घ्या. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, सांगली-सातारा पट्ट्यात गुरुत्वाकर्षण जरासं कमी भरतं. फरक 0.3 टक्क्यांचा, पण फुकट मिळतोय तर घ्यावा. शिक्क्याच्या वजनांची काळजी करू नका, दहा किलोत त्यांची चूक काही ग्रॅमच्या पलीकडं जात नाही. तुमच्या मापातला कच्चा दुवा ती 45 सेंटिमीटरची लांबी आहे. टेप दोन मिलिमीटरनं इकडं-तिकडं झाला की जवळजवळ अर्धा टक्का गेला. शिवाय वाजायच्या क्षणी पाना आडवाच हवा. वजन चढेल तसा तो खाली झुकतो, आणि दहा अंश झुकला की दीड टक्का टॉर्क कमी होतो. गवंड्याची पाणसळ पान्यावर ठेवून बघत जा, झुकला तर सॉकेट एक पैलू वर घेऊन परत लावा.

आणि सुरुवात करण्याआधी पाना 200 ला लावून पाच वेळा वाजवून घ्या. पडून राहिलेल्या पान्यात आतलं ग्रीस एका जागी बसलेलं असतं, पहिले एक-दोन आवाज खरे नसतात. प्रमाणित तपासणीतही हे करतात. त्यानंतर पान्याच्या कमाल क्षमतेच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर वाचनं घेतात. तुमच्या पान्याला ते 40, 120 आणि 200 होतील. हात असा चालवायचा की शेवटचा टप्पा सावकाश यावा. झटका दिला की पाना वाजेपर्यंत बोल्टवर जास्त टॉर्क जाऊन बसलेला असतो.

तुमच्या पाच वाचनांत मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं एकमेकांजवळ असणं. 8.20 ते 8.30, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. पाना सगळीकडं सारखाच कमी किंवा सारखाच जास्त वाजत असेल तर तो जुळवून घेता येतो. एकदा 36, एकदा 41, एकदा 38 असा वाजायला लागला की आतला गुटका नाहीतर पिव्हट झिजला समजायचं. 2019 च्या महापुरानंतर माझ्याकडं पाण्यात राहिलेले बरेच पाने आले होते. बाहेरून पुसून लख्ख केलेले. उघडले की ग्रीस दुधासारखं पांढरं आणि स्प्रिंगवर तांबूस पावडर. वरच्या टोकाला ते बरे वाजायचे, खालच्या टोकाला मात्र एकाचा दुसऱ्याला मेळ नसायचा. अशा पान्याला स्क्रू फिरवून काही होत नाही.

मर्यादा म्हणाल तर आयएसओ 6789 (टॉर्क पान्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) प्रमाणे तुमच्यासारख्या 10 न्यूटन मीटरच्या वरच्या क्लिक पान्याला अधिक-उणे 4 टक्के चालतात. पान्याचा भार धरून परत मांडा, बहुतेक तुम्ही त्यात बसता.

सर्टिफिकेटचं रात्री लिहितो.

पवनचक्की_चाळकेवाडी

काकांनी पान्याचं सांगितलं. मी बोल्टचं सांगतो, कारण आमचं पोट त्याच्यावर आहे.

मी चाळकेवाडीच्या पठारावर टर्बाइनच्या मेंटेनन्सला आहे. टॉवरच्या जोडाचे बोल्ट मनगटाएवढ्या नटांचे, हातानं होत नाहीत, हायड्रॉलिक टॉर्क रेंच लागतो. आमच्यात पान्याबरोबर पंपाचं प्रेशर गेजही कॅलिब्रेट होतं, कारण गेज खोटं बोललं तर चार्टवरून काढलेला टॉर्कही खोटाच निघतो. पावसाळ्यात वर धुकं आणि वारा असा असतो की ग्रीसचा डबा उघडा ठेवला तर पाणी धरतो, म्हणून डबा पहिल्यांदा झाकायचा ही आमच्यात शिस्तच आहे. कारण सगळी मेख त्या ग्रीसात आहे.

पाना फिरवायला लागणारा जोर मोजतो. बोल्टनं हेड किती दाबून धरलंय ते तो मोजत नाही. तुम्ही लावलेल्या टॉर्कचा जवळजवळ अर्धा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो. दाबायला उरतो दहाएक टक्के. आता आट्यांत गंज किंवा काजळी असली तर घासण्यात आणखी थोडं जाणार, आणि ते थेट त्या दहातून वजा होणार. पाना 100 ला प्रामाणिकपणे वाजेल आणि बोल्ट निम्माच ताणलेला असेल. उलट कोरड्यासाठी दिलेला टॉर्क तेल लावून मारला तर बोल्ट नको तेवढा ताणला जातो.

भाऊ, तुमच्या पान्यात तीन टक्क्यांचा फरक असता तरी त्यानं सतरा दिवसांत गॅस्केट जाळलं नसतं. ब्लॉकमधली बोल्टची भोकं बघा. आरपार नसलेल्या भोकात तळाला कूलंट किंवा तेल साचलेलं असलं तर बोल्ट त्या पाण्यावर जाऊन बसतो. पाणी दाबलं जात नाही. पाना वाजतो, हेड मात्र सैलच. नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो.

आणि आवळलेले बोल्ट परत त्याच पान्यानं तपासून खात्री करायची सवय असेल तर ती सोडा. वाजला याचा अर्थ टॉर्क तेवढा किंवा त्याहून जास्त आहे, इतकाच. किती जास्त ते कळत नाही, आणि बसलेला बोल्ट हलायला सुरुवातीला जादा जोर मागतोच.

टूलरूम_मिरज

चाळकेवाडीचं बरोबर आहे. मीही भोकांवरच येणार होतो.

आता सर्टिफिकेट. तुम्ही घरी केलंत ती पडताळणी, ती महिन्याला करत जा, उपयोगाची आहे. ऑडिटला ती चालणार नाही, कारण तुमच्या मापाची साखळी वरच्या प्रमाणापर्यंत कागदावर जोडलेली नाही. त्यासाठी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब लागते. कोल्हापूर आणि पुण्याकडं अशा लॅब आहेत. पाना देण्याआधी एनएबीएलच्या वेबसाइटवर त्या लॅबची मान्यतेची व्याप्ती उघडून बघा. मान्यता लॅबच्या नावाला सरसकट नसते, कामागणिक असते. तिथं टॉर्क पाने आणि तुमची 40 ते 200 ची रेंज लिहिलेली हवी. एखादी लॅब व्हर्नियर आणि मायक्रोमीटरला मान्य असते आणि टॉर्कला नसते.

देताना तोंडी नको, लिहून द्या: "जुळवण्याआधीची वाचनं द्यावीत." हे फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ ठिकाणी पाना आला की आधी स्क्रू फिरवून बरोबर करतात आणि मग सुंदर आकडे छापून देतात. तो कागद पुढच्या कामाला ठीक. पण गेलं वर्षभर तुम्ही आवळलेले बोल्ट कुठल्या टॉर्कला आवळले गेले हे त्यावरून कधीच कळत नाही. मी एका ठिकाणी हे पाहिलंय. परत गेलेल्या मालाची चौकशी तिथंच अडली, कारण जुनी वाचनंच कुणी घेतलेली नव्हती.

कागद हातात आला की पान्यावरचा सीरियल नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना बघा. प्रत्येक टप्प्याची वाचनं आणि मापनातली अनिश्चितता दिलेली हवी. प्रमाण म्हणून आयएसओ 6789 चा 2017 चा उल्लेख हवा. भाग 1 आणि भाग 2 वेगळे आहेत, अनिश्चिततेसकट रीतसर कॅलिब्रेशनचा भाग 2. पुढची तारीख लॅब स्वतःहून लिहीत नाही, तुम्ही मागितली तरच लिहिते. ती तुम्ही ठरवायची: बारा महिने किंवा 5000 वेळा वाजवणं, जे आधी होईल ते. सीझनला तुमच्याकडं 5000 व्हायला वेळ लागणार नाही. पाना खाली पडला, कुणी त्याच्या मर्यादेपलीकडं ताणला, किंवा दुरुस्त केला, तर तारीख न बघता परत पाठवायचा.

कराडवाल्या दादांसाठी: मुठीवर पाइप घालून कधीच ताणू नका. पुढं क्रोफूटसारखं (ड्राइव्हला लावायचं उघड्या तोंडाचं पान्याचं टोक) काही सरळ रेषेत जोडलंत तर आकडा बदलावा लागतो. पान्याची लांबी भागिले पान्याची लांबी अधिक जोडाची लांबी, त्यानं हवा तो टॉर्क गुणायचा. 45 ला 5 चा जोड लावला तर 100 साठी पाना 90 ला लावायचा. जोड काटकोनात लावला तर बदल नाही.

कुपवाड_डिझेल

चार दिवस इथं आलो नाही, आधी काम उरकलं. आता लिहितो.

काका, कानशीच्या धारेवर ड्राइव्ह ठेवला, खूण काट्यावर टेकवली. काटा म्हणाला 700 ग्रॅम. तिथंच वहीत तिन्ही आकडे परत मांडले, 9.78 घेऊन: 40 ला 39.5, 100 ला 99.3, 160 ला 159.3. पोराला दोनदा गुणाकार करायला लावला. सहा वर्षं वापरलेला पाना दीड टक्क्याच्या आत निघाला. परत 200 ला पाच वेळा वाजवून, पाणसळ ठेवून 120 ला आणि 200 ला पण घेतलं. दोन्हीकडं एक टक्क्याच्या आत.

मग भोकं. चाळकेवाडीचे भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू. दहा भोकांपैकी तीन आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकांत तळाला काळा राबडा होता, कूलंट आणि तेल एकजीव झालेला. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूची दोन भोकं त्यातलीच. बारीक तार घातली तर तारेला नखाएवढा चिकटून वर आला. पहिल्या वेळी मी वरून कापड फिरवलं होतं आणि हवा मारली होती, पण तळाचं ते निघालंच नव्हतं. आता केरोसीन घालून, आटे साफ करायचा टॅप हातानं फिरवून, परत हवा मारून कोरडं केलं. प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत जातो का ते बघितलं. एक अर्ध्यात अडकत होता, त्याचं भोक परत साफ केलं.

मग दहाही बोल्ट डोकं खाली करून काचेवर ओळीनं उभे केले. नऊ एका रेषेत आणि एक दीड मिलिमीटर उंच. हातात धरून बघितला तर मधल्या जागी आट्यांची फट डोळ्याला रुंद दिसत होती. तो ताणून गेलेला होता, मी त्यालाच 100 ला वाजवला होता. सगळा सेट नवा घेतला. हेडवर पट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पाती) फिरवला, हेड सरळ आहे. मॅन्युअलमध्ये आट्यांना इंजिन ऑइलचं हलकं बोट सांगितलंय, तेवढंच लावलं. मधून बाहेर क्रमानं तीन टप्पे केले, शेवटचा टप्पा सावकाश.

त्या माणसाला बोलावून वाळूची बादली लटकवून दाखवली. पाना वाजला तेव्हा त्यानं स्वतः वाकून काटा वाचला. मग भोकातला राबडा कागदावर ठेवला होता तो दाखवला आणि सांगितलं, पाना खरा होता, सफाई माझी कमी पडली. दुसऱ्या गॅस्केटचे आणि बोल्टचे पैसे घेतले नाहीत. ट्रॅक्टर गेल्या शुक्रवारपासून कारखान्यावर चालू आहे, मी रोज रात्री त्याला फोन करून पाण्याची पातळी विचारतो.

काका, एक राहिलं. मंगळवारी पाना कोल्हापूरला पाठवतोय, जुळवण्याआधीची वाचनं हवीत म्हणून चिठ्ठी लिहून डब्यात ठेवली. पाठवताना तो कितीवर लावून ठेवायचा? पोरं कायम 100 वरच सोडून जायची.

टूलरूम_मिरज

40 वर, स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. त्याच्याखाली फिरवू नका, नाहीतर आतले भाग सुटे होतात. 100 वर ठेवलात तर स्प्रिंग दिवसरात्र ताणातच बसलेली असते. डब्यात पान्याच्या दोन्ही टोकांना फोम कोंबा, म्हणजे एसटीच्या टपावर आपटला तरी हलणार नाही. परत आला की लॅबचे आकडे आणि तुमच्या बादलीचे आकडे शेजारी लिहून इथं टाका, मला बघायचे आहेत.